चौथ्या शिट्टीची धून

ऑस्टिन, तू गेल्याला महिना झाला म्हणून काल चर्चमध्ये तुझी मिसा झाली. फादर तुझ्याबद्दल भरभरून बोलले. शांत मुलगा होता, कधी कोणाशी भांडला नाही, म्हणाले. तिसऱ्या बाकावर बसून मी दातओठ खात होते. तू कधी कोणाशी भांडला नाहीस हे खरंच आहे, आणि तुझ्यावरचा माझा सगळ्यात मोठा राग त्याचाच आहे. तुझ्या वाटणीचं एक भांडण काल मी केलं. तुझ्या घरी, तुझ्या ओट्यावर, तुझ्या आईसमोर. ते तुला माझ्याच तोंडून कळलेलं बरं.

मिसा सुटली तेव्हा निहार चर्चच्या दाराशी उभा होता. पांढराशुभ्र कुर्ता, काळा गॉगल, पाठीला अमेरिकेहून आणलेल्या मँडोलिनची केस. "शलाका, विश्वासच बसत नाही यार," म्हणत त्यानं मिठी मारायला हात पसरले. माझ्या हातात पेटती मेणबत्ती होती, ती मी खाली ठेवली नाही. त्याचे हात तसेच राहिले.

दीड वर्षापूर्वी याच निहारचे व्हिडिओ आपण दोघं आ वासून बघायचो. पार्ल्याचा मुलगा ब्लूग्रास वाजवतो, तेही इतकं झकास, याचं आपल्याला केवढं अप्रूप! आपल्यासारखं वेड असलेली माणसं मुंबईत बोटांवर मोजण्याइतकी. आपण काय वाजवतो, हे तुला लोकांना दर वेळी पहिल्यापासून समजावून सांगावं लागायचं. अमेरिकेतल्या डोंगरी भागातलं संगीत, गिटार, फिडल, बँजो, मँडोलिन, ड्रम नाही, आणि वाजवायचं असं की मागे कुत्रं लागलंय. एअरपोर्टच्या कार्गोमधल्या तुझ्या साहेबानं हे सगळं शांतपणे ऐकून विचारलं होतं, "म्हणजे हळदीला चालेल ना?" तू म्हणालास, चालेल सर. आणि आपण खरंच साकीनाक्याला त्याच्या भाचीच्या हळदीला वाजवून आलो. नवरीची आत्या नाचता नाचता खुर्चीसकट पडली. तू वाजवायचं न थांबवता तिला हात दिलास. तो कसा दिलास हे मला अजून कळलेलं नाही.

माझ्या बाबांना मात्र काही समजवावं लागलं नाही. त्यांनी घाटकोपरला पंचवीस वर्षं बेंजो पार्टी चालवली, गणपतीच्या मिरवणुकीत बोटं सुजेपर्यंत वाजवलं. त्यांनी तुला एकदाच ऐकलं आणि म्हणाले, "ह्यां तर आमच्यासारख्याच आसा. एकान वाजवचा, बाकीच्यांनी धरून रवाचा." त्या दिवसापासून ते तुझे गुरुजी झाले. त्यांचा बेंजो विजेवरचा. ब्लूग्रासमध्ये विजेवरचं वाद्य चालत नाही, हे आपल्यातला फिडलवाला कुरकुरत म्हणाला, तर तू आतून एक्स्टेंशन बोर्ड आणून त्यांच्या पायाशी ठेवलास. दर रविवारी बापलेक आम्ही मेट्रोनं मरोळला यायचो, तुझ्या ओट्यावर.

धरून राहायचं काम तुझं. ड्रम नाही म्हटल्यावर ताल मँडोलिननं सांभाळायचा. तारांवर एक फटका आणि लगेच बोटं सैल, की नुसता 'चक्' असा आवाज. त्याला चॉप म्हणतात. बाकीचे एकेक करून पुढे येणार, आपापली कलाकारी दाखवणार आणि तू मागे चक् चक् करत बसणार. गोलात बसून वाजवायचे नियम तू आम्हाला शिकवलेस. ज्यानं धून सुरू केली, ती धून संपेपर्यंत त्याची. तो ज्याच्याकडे बघून मान हलवेल, त्यानं पुढे वाजवायचं. तो पाय उचलेल, तेव्हा सगळ्यांनी थांबायचं. दुसऱ्या कोणी मधेच घुसायचं नाही आणि दुसऱ्या कोणी थांबवायचंही नाही. तू सुरू केलेल्या धुनेत तू सगळ्यांकडे बघून मान हलवायचास, अगदी नवख्यांकडेसुद्धा. तू कोणाला वगळलेलं मी कधी पाहिलं नाही.

आणि ती धून. आंटीनं, तुझ्या आईनं, डाळ लावली होती आणि चौथ्या शिट्टीला गॅस बंद कर म्हणून तुला बजावून ती चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला गेली होती. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मँडोलिन घेऊन बसलास. पहिल्या शिट्टीला तुला सुरुवात सापडली, दुसरीला दुसरा भाग, आणि मग किती शिट्ट्या झाल्या याचा पत्ता नाही. आंटी परत आली तेव्हा डाळीचा कोळसा झाला होता आणि धून तयार होती. तिनं तुला लाटण्यानं मारलं आणि मग म्हणाली, परत वाजव. तू नाव ठेवलंस 'चौथी शिट्टी'. मला ते नाव अजिबात आवडलं नव्हतं. आता त्या नावाला कोणी हात लावला तर मी त्याचा हात मोडीन.

तुझी मँडोलिन आजोबांची. त्यांनी ती गावठाणातल्या लग्नांत वाजवली, नंतर ती माळ्यावर पडून राहिली. दुसऱ्या जोडतारेखालचा सातवा फ्रेट, म्हणजे दांडीवरची धातूची पट्टी, वर आला होता, तिथं बोट ठेवलं की तार खरखरायची. तू तो दुरुस्त करून घेतला नाहीस. तू त्या सुरावरून उडी मारायचास. अर्धी मात्रा थांबायचास आणि पुढचा सूर घ्यायचास. त्यामुळे 'चौथी शिट्टी' बरोबर एका जागी लंगडते. आपण त्याला खड्डा म्हणायचो. मरोळच्या रस्त्यावर राहणाऱ्यानं धुनेतही खड्डा ठेवला, म्हणून मी तुला चिडवायचे. मलाही गिटारवर तिथं थांबायची सवय लागली, बाबांनाही लागली.

चार महिन्यांपूर्वी निहारचा व्हिडिओ आला. नाव 'सह्याद्री ब्रेकडाऊन'. ब्लूग्रासमध्ये सुसाट धुनेला ब्रेकडाऊन म्हणतात. खाली लिहिलं होतं, माझ्या लहानपणीच्या डोंगरांना अर्पण. याचं लहानपण पार्ल्यात गेलं. डोंगर यानं शाळेच्या सहलीत बघितला असेल. पण धून तुझी होती, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. आणि त्याच्या त्या नव्याकोऱ्या मँडोलिनवर, जिचा एकही फ्रेट वर आलेला नाही, तो सातव्या फ्रेटवर अर्धी मात्रा थांबला आणि उडी मारून पुढे गेला. त्या वाद्याला काही झालेलं नसताना तो लंगडला. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला.

मी खाली कमेंट टाकली. त्यानं ती उडवली आणि मला ब्लॉक केलं. मग एका अमेरिकन वेबसाइटनं ब्लूग्रासमधल्या उगवत्या मँडोलिनवादकांची यादी काढली, त्यात हा. फोटोखाली तुझी धून. तुझ्याकडे आले तर तू ओट्यावर पाय सोडून शेंगा खात बसला होतास.

"धून म्हणजे काय प्रॉपर्टी आहे का?" तू म्हणालास. "आमच्या लग्नाची गाणी कोणी केली, कोणाला ठाऊक आहे? तरी सगळे गातात ना?"

"गाऊ देत ना. पण त्या गाण्यांवर कोणी स्वतःचं नाव टाकलंय का?"

"टाकू दे ना यार. माझं काय गेलं?"

मरोळ नाक्याच्या मेट्रोच्या जिन्यापर्यंत आपण भांडत आलो. म्हणजे मी भांडत होते आणि तू माझी गिटार उचलून चालत होतास. जिन्यावर मी तुला म्हणाले, तू संत नाहीस, तू भित्रा आहेस. लोक वळून बघायला लागले. तू गिटार माझ्या खांद्याला नीट अडकवलीस आणि म्हणालास, पोचलीस की मेसेज कर. मी केला नाही. ते भांडण आपण पुढे कधी संपवलं नाही, कारण आठवड्याभरात तुला ताप आला.

हॉस्पिटलमध्ये दुपारी भेटायच्या वेळी मी आले, तेव्हा तुझ्या दोन्ही हातांना सुयांच्या खुणा होत्या. शहाण्या माणसानं इकडचं तिकडचं बोललं असतं. मी काय केलं? तुझ्या कानात इयरफोन घातला आणि निहारचा व्हिडिओ लावला. तुला राग यावा म्हणून. निदान तापलेल्या अंगात तरी तो चढेल म्हणून. तू डोळे मिटून ऐकलंस. खड्डा आला आणि तू इतका हसलास की सलाइनची नळी हलली आणि नर्स धावत आली.

"बघ ना," तू म्हणालास, "खड्डापण उचलला येड्यानं." मग दम खाऊन विचारलंस, "पण याला मिळाली कुठून गं? आपण तर टाकली नव्हती कुठे."

मी म्हणाले, कोणास ठाऊक. नर्सनं वेळ संपल्याचं सांगितलं आणि मी निघाले. परवा सांगू, असं मनात ठरवलं. परवाचा दिवस तू बघितला नाहीस.

तर आता ऐक. ती मी पाठवली होती.

गेल्या वर्षी, निहार अमेरिकेतल्या ब्लूग्रासच्या शिबिराला जायच्या आधी. मोबाइलवर तुला न सांगता रेकॉर्ड केली आणि त्याला धाडली. सोबत लिहिलं, "हा आमचा ऑस्टिन. तिथल्या लोकांना ऐकव, याला एखादी संधी मिळाली तर बघ. मी पाठवली हे त्याला कळू देऊ नकोस, तो रागावेल." रागावेल म्हणे! तू, आणि रागावणार! खरं कारण हे की तू नको म्हणाला असतास आणि मला तुझं नको ऐकायचं नव्हतं. तू ओट्यावरच राहायला तयार होतास आणि मला ते सहन होत नव्हतं. निहारनं "भारी आहे" एवढंच उत्तर दिलं. म्हणजे चोरीचा पुरावा माझ्याच फोनमध्ये होता, आणि तो दाखवायचा तर माझा तो मेसेजही दाखवावा लागणार होता. निहारला हे पक्कं माहीत होतं. म्हणून तो निवांत होता.

तू गेल्यावर त्यानं तुझा फोटो टाकला. माझा मित्र, माझा भाऊ. आयुष्यात तो तुला दोनदा भेटला असेल. मग मला अनब्लॉक करून फोन केला. "मिसेनंतर ओट्यावर वाजवताय ना तुम्ही? मला यायचंय. 'सह्याद्री ब्रेकडाऊन' त्याला डेडिकेट करीन म्हणतो."

मी म्हणाले, ये ना. नक्की ये. फोन ठेवला आणि महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवले.

काल ओट्यावर आम्ही सात जण गोलात बसलो. तुझी मँडोलिन आंटीनं आत भिंतीला टांगून ठेवली आहे, त्यामुळे बाहेर मँडोलिन एकच, निहारची. तो तारा जुळवत होता, मधूनमधून मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे बघत होता. त्यानं तोंड उघडायच्या आत मी गिटारवर 'चौथी शिट्टी' सुरू केली. ओबडधोबड वाजली, पण सुरू मी केली. म्हणजे नियमानं धून माझी. निहारचा चेहरा उतरला, पण गोलात एकच मँडोलिन असेल तर तिला चॉप सोडता येत नाही. तो चक् चक् करायला लागला.

मी फिडलकडे बघून मान हलवली. मग बेसवाल्याकडे. मग बाबांकडे. निहार सरसावून बसला, तार छेडायची पिक तारेला लावली, भुवया वर केल्या. माझी नजर त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेली आणि मी पुन्हा फिडलकडे मान हलवली. दुसऱ्या फेरीत त्याला वाटलं, चुकून झालं असेल. तिसऱ्या फेरीत त्याला कळलं. चौथ्या फेरीत सगळ्यांनाच कळलं. धून वेगात, पाय उचलायचा हक्क माझा, आणि माझा पाय जमिनीला खिळलेला. त्याच्या मनगटाला रग लागली, कपाळावरचा घाम गॉगलच्या काचेवर उतरला. ज्या धुनेवर तो उगवता कलाकार झाला, तिच्या मागे बसून तो वीस मिनिटं सगळ्यांसाठी चक् चक् करत होता, आणि तिच्यातला एक सूर त्याला मिळत नव्हता. ऑस्टिन, मला इतकं बरं वाटत होतं की लाज वाटावी. वाटली नाही.

बाबा माझ्याकडे झुकून म्हणाले, "त्या झिलाक कित्याक सोडलंस गो?"

"तुम्ही वाजवा, बाबा."

तेवढ्यात आंटी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली. "अगो, ही तर आमचे ऑस्टिनची शिट्टी!" तिच्यासमोर हा खेळ चालू ठेवणं मला जमेना. मी पाय उचलला. धून थांबली. आंटीनं ट्रे खाली ठेवला, निहारच्या हातात कप दिला आणि त्याच्या मँडोलिनकडे बघत राहिली.

"तू नाय वाजवलं रे बाला? तुला येते ही?"

"येते, आंटी."

"कोनी शिकवली?"

निहारनं गॉगल काढला. "ऑस्टिननंच. इथंच बसून."

आंटीचा चेहरा बघायला हवा होतास. महिनाभर दगडासारखा असलेला तिचा चेहरा एकदम हलला. तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. "बरं झालं बाला. कोनाकडं तरी ऱ्हायली त्याची धून." निहारनं तिच्या हाताखालून माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसले तर तो सुटत होता, मी सुटत होते आणि तुझ्या आईला थोडं सुख मिळत होतं. तिघांचंही भलं. त्याच्या डोळ्यांत तेच होतं, जाऊ दे ना आता. आणि माझं डोकं फिरलं.

"खोटं बोलतोय तो, आंटी. ऑस्टिननं त्याला काही शिकवलं नाही. मी पाठवली, चोरून रेकॉर्ड करून. आणि यानं स्वतःचं नाव टाकून जगाला विकली." मी फोन काढला आणि तो मेसेज सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला, शेवटच्या ओळीसकट.

 आंटीनं निहारला काहीच विचारलं नाही. तिनं मला विचारलं.

"ऑस्टिनला ठावं होतं, तू दिली म्हणून?"

"नाही."

"हॉस्पिटलमधी पन नाय सांगितलं?"

"नाही."

तिनं निहारच्या हातातला भरलेला कप काढून घेतला. मग माझी गिटारची केस उचलली आणि ओट्याच्या पायऱ्यांखाली नेऊन ठेवली. "उठा," म्हणाली. "दोघं पन."

बाबा माझ्याबरोबर आले नाहीत. ते कप गोळा करायला आंटीपाशी थांबले. गल्लीच्या तोंडाशी क्रुसाजवळ मी आणि निहार शेजारी शेजारी उभे होतो, आपापली वाद्यं धरून, शाळेतून हाकललेल्या दोन पोरांसारखे. तो म्हणाला, "काय मिळवलंस? स्वतःचीपण वाट लावलीस ना."

"लावली. पण आधी तुझी लावली."

आज सकाळी त्यानं व्हिडिओचं नाव बदललं. गोलातल्या एकानं कालचं सगळं मोबाइलवर घेतलं होतं, ते त्याला कोणीतरी पाठवलं असणार. आता तिथं लिहिलंय, 'चौथी शिट्टी', मरोळच्या ऑस्टिनची धून. वेबसाइटवाल्यांनाही मी लिहिलंय. यादीतून त्याचं नाव काढा असं मी म्हटलेलं नाही. त्यात राहू दे त्याला, आणि खाली तुझं नाव वाचू दे जन्मभर. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आंटी मात्र माझा फोन उचलत नाही. बाबांचा उचलते. येत्या रविवारी ते एकटेच मरोळला जाणार आहेत. मी त्यांना काही विचारलं नाही आणि त्यांनीही चल म्हटलं नाही.

तू असतास तर हे सगळं ऐकून 'सोड ना यार' म्हणाला असतास. निहारला चहा दिला असतास, मला मेट्रोपर्यंत पोचवलं असतंस. तेच मला नकोय. निहारला मी माफ करणार नाही आणि तूही करू नकोस. सगळ्यांना सोडून दिलंस, म्हणून तुला सगळ्यांनी लुटलं. त्यात मी पहिली. तू विचारलंस तेव्हा तुझ्या पलंगाशी बसून मी कोणास ठाऊक म्हणाले, आणि तू त्यावर विश्वास ठेवलास. आता तरी एकदा कोणावर तरी रागव, ऑस्टिन. माझ्यापासून सुरुवात कर.